मदत हवी आहे: अंतराळातल्या ऑनलाइन गेममध्ये स्टेशनच्या तोंडावर मुद्दाम येऊन धडकणाऱ्यांचं करायचं काय?

बाळू_अंतराळे
लोकहो, डोकं फिरलंय म्हणून प्रस्तावना न करता लिहितोय. काल रात्री माल भरून येत होतो. स्टेशनच्या तोंडाशी एक चिंधी जहाज कुठूनतरी उगवलं आणि माझ्या नाकावर येऊन आदळलं. फुटलं तेच, आणि खुनाचा गुन्हा माझ्यावर! स्टेशनच्या तोफा लगेच सुरू. पाठ फिरवायलाही वेळ मिळाला नाही. माल गेला, विम्याचे ५५ लाख गेले आणि जागा झालो तो थेट तुरुंगात. त्याने हे मुद्दाम केलं यात शंका नाही, नंतर चॅटवर वर सलाम ठोकत होता निर्लज्ज. यावर उपाय काय? हा खुनाचा डाग कसा पुसायचा? लवकर सांगा, आज रात्री परत तिकडेच जायचंय.

टिंग्या
गेम कुठला?

जिताचा_हमाल
हा बम्पिंगचा, म्हणजे मुद्दाम धडकून ढकलण्याचा प्रकार आहे, आमच्याकडे रोजचाच. एक तर मालवाहू एकट्याने चालवू नका. दुसरं छोटं जहाज सोबत ठेवा आणि निघताना त्याच्याकडून आपल्याच फ्रेटरला (मालवाहूला) वेब, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, मारून घ्या. जहाज लवकर दिशेला लागतं आणि वार्पला, म्हणजे लांबच्या उडीला, निघून जातं. मकारिएल जहाजवाला धडक्या टपून बसलेला असला तरी त्याला धडक मारायला वेळच मिळत नाही. उएडामा सिस्टीममधून तर असं केल्याशिवाय जाऊच नये.

टिंग्या
हमालराव, ते ईव्ह ऑनलाइन झालं. ईव्हमध्ये धडकेने जहाज फुटत नाही, फक्त ढकललं जातं. यांचं तर फुटलंय. बाळूशेठ, गेमचं नाव सांगा की.

कूपर्टिनोकर
स्टार सिटिझन असणार. तिथेही पॅडवर उभ्या जहाजावर येऊन आपटणारे असतातच. आणि तुरुंग म्हणजे क्लेशर. खाणीत दगड फोडा, शिक्षा कमी होते.

बाळू_अंतराळे
अहो एलिट, एलिट डेंजरस! स्टेशन, तोफा, विमा म्हटल्यावर कळत नाही का?

शीतल_क
आता कळलं. काही गोष्टी सांगा म्हणजे नीट उत्तर देता येईल.
जहाज कुठलं? ओपनमध्ये (सगळ्या खेळाडूंसोबत) होता का? त्या सिस्टीममध्ये कम्युनिटी गोल (सगळ्यांनी मिळून पुरं करायचं काम) चालू आहे का? आणि मुख्य म्हणजे धडकेच्या वेळी वेग किती होता?

बाळू_अंतराळे
टाइप-९, मोठं मालवाहू. ओपन. हो, कम्युनिटी गोलसाठीच माल नेतोय, म्हणून तर घाई आहे. वेगाचा काय संबंध? धडकला तो. मी सरळ रेषेत येत होतो.

शीतल_क
वेगाचाच संबंध आहे दादा. स्टेशनच्या नो फायर झोनमध्ये (गोळीबारबंदीच्या हद्दीत) १०० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा आहे. त्याच्यावर असताना कुणाला धडकलात तर दोष तुमचा, समोरचा मेला तर खून तुमच्या नावावर. कोण कुणाच्या अंगावर गेलं हे कॉम्प्युटर बघत नाही, कोणाचा काटा शंभराच्या वर होता तेवढंच बघतो. हे लोक बरोबर त्यावरच जगतात. फुकटातलं छोटं साइडवाइंडर जहाज घ्यायचं (त्याचा विमा शून्य), सायलेंट रनिंग (उष्णता आत दाबून लपणं) लावून तोंडासमोर थंड पडून राहायचं म्हणजे रडारवर धड दिसत नाही, आणि एखादं टाइप-९ बूस्ट (वेगाचा झटका) मारत आलं की स्वतः हळूच त्याच्या वाटेत सरकायचं. ‘माझ्याविरुद्धचे गुन्हे नोंदवा’ हे त्याने चालू ठेवलेलंच असतं. त्याचं नुकसान काही नाही, तुमचे ५५ लाख.
टाइप-९ बूस्टवर २०० ला जातं. तुम्ही बूस्ट मारला होता ना?

बाळू_अंतराळे
टाइप-९ कधी चालवलंय का तुम्ही? बूस्ट न मारता ते आत शिरेपर्यंत माणूस म्हातारा होईल.

पॉपकॉर्नवाली
म्हणजे मारला होता.

खडूस_कमांडर
ओपन म्हणजे ओपन. ज्या क्षणी ते बटण दाबलं त्या क्षणी तुम्ही धडकेला संमती दिली. भांडण नको असेल तर एकट्याने खेळायला सोलो आहे, ओळखीच्यांसोबत प्रायव्हेट ग्रुप आहे. आकाशगंगा तीच, जहाज तेच, कम्युनिटी गोलचा मालही तसाच मोजला जातो. मग कुठल्या हौसेने ओपनमध्ये माल वाहता आणि वर रडता?

टिंग्या
खडूसराव, पीव्हीपी (खेळाडूंची आपसातली लढाई) वेगळं आणि हे वेगळं. समोरासमोर येऊन गोळ्या घालणाऱ्याला मीही मानतो, त्याचंही जहाज पणाला लागलेलं असतं. हा तर मोठ्या गाडीपुढे मुद्दाम आडवा पडून भरपाई उकळणारा माणूस झाला. फक्त इथे त्याला भरपाईसुद्धा नको, समोरच्याचं नुकसान झालं की पोट भरतं.

खडूस_कमांडर
नियम सगळ्यांना माहीत आहे. शंभराच्या आत आलात तर तो तुमचं काहीही बिघडवू शकत नाही. मग फसवणूक कुठे झाली?

शीतल_क
खडूस, नियमाचं तुझं बरोबर आहे. पण नवीन माणसाला तो नियम गेम धड सांगतच नाही. एकदा फुटल्यावरच कळतो.

तांडेल
मी या खेळातला नाही, मुलगा खेळतो. पण २० वर्षं मर्चंट नेव्हीत काढलीत म्हणून राहवत नाही. समुद्रावर १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नियम ५, सतत पहारा. नियम ६, सुरक्षित वेग. नियम ९, अरुंद खाडीत आपल्या उजव्या काठाला धरून चाला. तुमच्या खेळात काय आहे कल्पना नाही, पण अरुंद तोंडातून दोन बाजूंनी जहाजं जात असतील तर कुठल्या अंगाने जायचं हे ठरलेलं असलंच पाहिजे.

शीतल_क
काका, अगदी तेच आहे! तोंडाच्या एका बाजूला हिरवे दिवे, दुसऱ्या बाजूला लाल. हिरवे उजव्या हाताला ठेवून जायचं, आत जाताना आणि बाहेर येतानाही. आपल्याकडची मंडळी रस्त्यावर डावीकडून चालवतात, म्हणून इथे सवयीने डावीकडे सरकतात आणि बाहेर येणाऱ्याच्या छातीवर जाऊन बसतात. बाळूदादा, तुम्ही कुठल्या बाजूने येत होता?

तांडेल
हिरवा दिवा जहाजाच्या उजव्या कुशीला असतो, डावीकडे लाल. म्हणजे खेळ बनवणाऱ्याने समुद्रावरूनच उचललंय.
अवांतर: धडक मारणं हे एके काळी आरमाराचं अधिकृत तंत्र होतं. १८६६ साली लिसाच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या फर्डिनांड माक्सने इटलीचं रे दितालिया असंच धडकून बुडवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं युद्धनौकांच्या नाळेखाली लोखंडी चोच बसवायची फॅशनच आली. शत्रूला ती फारशी लागली नाही, आपल्याच लोकांना लागली. १८९३ मध्ये कवायत चालू असताना ब्रिटिशांचं कॅम्परडाउन त्यांच्याच व्हिक्टोरियावर आदळलं. व्हिक्टोरिया बुडालं, ३५८ माणसं गेली, व्हाइस अॅडमिरल ट्रायनही गेला.

पॉपकॉर्नवाली
काका, याचा स्वतंत्र धागा काढा ना. मी वाचीन.

जिताचा_हमाल
तांडेलकाकांना +१. आमच्या ईव्हमध्ये हाच वाद वर्षानुवर्षं चालला. खाणकाम करणाऱ्यांना ढकलून ढकलून दगडापासून लांब न्यायचे आणि परवान्याचे पैसे मागायचे. कंपनीने सांगितलं की धडक हा खेळाचाच भाग आहे. मात्र समोरचा जागा बदलून गेला तरी पाठलाग करून करून धडकत राहिलात तर तो छळ धरला जाईल. पुढे फ्रेटरवाल्यांसाठी आणखी एक सोय केली: वार्पची आज्ञा दिल्यावर ३ मिनिटं नुसतं ढकलत ठेवलं, आणि कुणी रीतसर वार्प रोखलेला नसेल, तर जहाज आपोआप निघून जातं. म्हणून मी म्हणतो, ३ मिनिटं धीर धरा.

टिंग्या
कसला धीर? यांचं जहाज दोन सेकंदांत उडालंय.

कूपर्टिनोकर
एक विचारू? नेट कुठलं आहे? एलिटमध्ये खेळाडूंची मशिन्स थेट एकमेकांना जोडलेली असतात. पिंग खराब असेल तर समोरचं जहाज अचानक उडी मारून समोर येतं. कदाचित तो मुद्दाम आलाच नसेल. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून बघा. मी इथून भारतातल्या भाच्याबरोबर खेळतो, त्याचं जहाज नेहमी भिंतीतून जाताना दिसतं.

बाळू_अंतराळे
नेट उत्तम आहे. तो मुद्दाम आला होता. मघाशी परत गेलो होतो तर तोच तिथे होता, तेच नाव. मला फक्त सांगा, आज रात्री काय करू?

शीतल_क
ठीक. आज रात्रीपुरतं:
साडेसात किलोमीटरच्या आत आलात की डॉकिंगची (स्टेशनात लागण्याची) परवानगी मागता, तिथपासूनच काट्यावर डोळा ठेवा. थ्रॉटल आधीच खाली आणा, माल भरलेलं टाइप-९ लगेच थांबत नाही. काटा ९० वर ठेवा, ९९ वर नको. लँडिंग गिअर लवकर सोडलं तर जहाज आपोआप मंदावतं, तो सगळ्यात सोपा लगाम. रडारवर पोकळ खूण दिसली तर तो माणूस, भरीव दिसली तर कॉम्प्युटरचं जहाज. तोंडासमोर पोकळ खूण एका जागी रेंगाळताना दिसली की समजायचं.
आणि शील्ड आहे ना? की काढून तिथे कार्गो रॅक बसवलाय?

बाळू_अंतराळे
शील्ड कोण लावतं टाइप-९ ला? तेवढा माल कमी बसतो.

टिंग्या
😐

शीतल_क
छोटं का होईना, लावा. नाहीतर शंभराच्या आत असलात तरी ठोकर तुमच्या पत्र्यालाच बसणार. शिवाय वाटेत कुणी गाठलं तर पळायलाही वेळ मिळत नाही.
डागाचं म्हणाल तर बाउंटी (डोक्यावर लागलेली रक्कम) तुरुंगातून सुटतानाच वळती झालीय. राहिली नोटोरायटी, म्हणजे खुनाच्या बदनामीचा आकडा. ती पैसे भरून जात नाही, खेळत असताना दर २ तासांनी १ ने उतरते. एकच खून असेल तर आज माल वाहता वाहताच जाईल. बोट दाखवून पुसता येईल असं काही नाही.
त्या माणसाला ब्लॉक करा. ब्लॉक केल्यावर गेम तुम्हा दोघांना एकाच इन्स्टन्समध्ये (त्या जागेच्या एकाच प्रतीत) टाकायचं टाळतो. शंभर टक्के हमी नाही, पण फरक पडतो. रोज तोच तुम्हालाच गाठत असेल तर व्हिडिओ ठेवा आणि रिपोर्ट करा. एका धडकेवर कुणी काही करेल अशी आशा मात्र ठेवू नका.

खडूस_कमांडर
ब्लॉक म्हणजे पळपुटेपणा. मी तर म्हणतो ओपनमधून ब्लॉकच काढून टाकावा.

टिंग्या
आणि शून्य विम्याच्या साइडवाइंडरमधून धडकणं म्हणजे शौर्य?

खडूस_कमांडर
मी साइडवाइंडर चालवत नाही. आणि समोर धोका दिसला की टास्क मॅनेजर उघडून गेम मारणारेही मला ठाऊक आहेत. ते चालतं का?

शीतल_क
ते चालत नाही. मेन्यूतून बाहेर पडताना १५ सेकंदांची उलटी मोजणी लागते, तेवढं थांबून गेलं तर नियमात बसतं. पण हा विषय इथे कुणी काढला?

संपादक
वैयक्तिक शेरेबाजी टाळा. एक प्रतिसाद काढून टाकला आहे.

आजोबा_८४
१९८४ चं एलिट खेळलेले कुणी आहे का इथे? बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरवर. ब्रेबेन आणि बेल, दोन पोरांनी केलेला खेळ. गोल गोल फिरणाऱ्या स्टेशनच्या फटीत स्वतःच्या हाताने जहाज घालावं लागायचं, जरा तिरकं झालं की खलास. धडकायला दुसरा माणूस लागायचाच नाही. तुम्ही लोक डॉकिंग कॉम्प्युटर का वापरत नाही? आम्हाला तो पैसे साठवून घ्यावा लागायचा.

शीतल_क
आजोबा, हा मुद्दा खरंच राहिला होता. बाळूदादा, डॉकिंग कॉम्प्युटर बसवा. तो हळू आणतो आणि स्वतः वेगमर्यादा तोडत नाही. एक जागा जाते, पण ५५ लाख वाचतात.

बाळू_अंतराळे
आजोबा, ताई, धन्यवाद. कॉम्प्युटर घेतला, शील्डही लावलं, सर्वात लहान. सोलोत जाणार नाही, ते खडूसला पटेल म्हणून नाही तर माझी दोन मित्रमंडळी ओपनमध्ये आहेत म्हणून. दोन खेपा झाल्या. तो अजून तिथेच आहे. मी ८५ ने आत गेलो, त्याने येऊन ठोकलं, त्याचंच फुटलं, मला काही नाही. पुन्हा जन्मून आला आणि परत तोंडासमोर बसला.
आता दुसरा प्रॉब्लेम. कॉम्प्युटर तोंडाशी येऊन त्याच्यासाठी थांबतोय आणि माझ्या मागे रांग लागलीय. तोंड अडवलं म्हणून स्टेशन मलाच धमकी देतंय. अशा वेळी कॉम्प्युटर बंद करून हाताने घ्यायचं का?

जिताचा_हमाल
वेब मारून घ्या.