पैलवान भाच्याच्या सोअस स्नायूत गळू निघालंय, पुढं काय करावं?

गंगावेसचा मामा
नमस्कार मंडळी. भाचा सतरा वर्षांचा, तालमीतच राहतो. मेहनत करताना कंबर लचकली असं धरून वस्तादांनी तेल लावून चोळून घेतलं. दुखणं थांबलं नाहीच, वर ताप यायला लागला. उजवा पाय पोटाशी घेऊन झोपतो, सरळ करायला गेलं की ओरडतो. एक्स-रे साफ. काल सोनोग्राफीत उजव्या सोअस स्नायूत सात सेंटिमीटरचं गळू दिसलं. एक डॉक्टर म्हणतात पू काढू. दुसरे म्हणतात टीबीच असणार, गोळ्या सुरू करा. बहीण दोन दिवस जेवलेली नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त सिस्टर, सर्जरी वॉर्ड
मामा, आधी चोळणं बंद करा.

सोअस कमरेच्या मणक्यांपासून निघतो, ओटीपोटातून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूनं चिकटतो. पाय सरळ केला की तो ताणला जातो, म्हणून पोरगं पाय दुमडून घेतं. खुब्याच्या सांध्यात पू असेल तर मात्र दुमडलेला पाय थोडा फिरवला तरी जीव जातो. हे डॉक्टरांकडून आजच बघून घ्या, कारण सांध्यातला पू तातडीनं काढून सांधा धुवावा लागतो.

सोनोग्राफीवर थांबू नका. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करतात तेव्हा अपेंडिक्स, किडनी, आतडं यातून पू उतरलाय का ते कळतं. मणक्याची शंका असेल तर एमआरआय. साखर तपासा. अंगावर फोड, कुस्तीच्या हौद्यात खरचटून चिघळलेली जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा. अशा ठिकाणाहून स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू रक्तात जातो आणि खोल स्नायूत पू करतो.

आता टीबीचं. आपल्याकडे सोअसमध्ये टीबीचा पू खूप बघितलाय, पण साध्या जंतूंचाही तेवढाच बघितलाय. अंदाजानं गोळ्या सुरू करू नका, पू तपासू द्या. सोनोग्राफी किंवा सीटीत बघून सुईनं पू काढतात आणि एवढ्या मोठ्या गळूत बहुधा पिगटेल नळी (टोकाला वळलेली बारीक नळी) ठेवतात. तो पू साध्या जंतूंच्या कल्चरला, टीबीच्या कल्चरला आणि सीबीनॅटला (टीबी लवकर ओळखणारी तपासणी) असा तिन्हीकडे जायला हवा. बाटलीत फॉर्मलिन नको, त्यात जंतू मरतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. नमुना देताना हे तोंडानं विचारा, लाजू नका. रक्ताचं कल्चरही अँटिबायोटिकच्या आधी घेतलेलं बरं. पण पोरगं गळून गेलं असेल, बीपी उतरत असेल तर कल्चरसाठी औषध अडवून धरायचं नाही.

कागलकर
माझ्या मंडळींना टीबीचंच निघालं होतं. जांघेत गाठ आली, घरात सगळे म्हणाले पायाला काटा लागला असंल, अवधाण आलंय. गाठ ना लाल, ना गरम. कंबर मात्र कधीची दुखत होती, संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरलं होतं. एमआरआयमध्ये मणका खाल्लेला दिसला, तिथूनच पू सोअसमधनं जांघेत उतरलेला. सीबीनॅटमध्ये टीबी तर कळलाच, रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडतंय हेही कळलं. मणक्याला म्हणून औषधं वर्षभर चालली. लघवी केशरी होते, घाबरू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली की पोषणाचे पैसेही मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000.

गंगावेसचा मामा
कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखल केलं. खुबा ठीक आहे म्हणाले. नळी घातली, घट्ट पिवळा पू निघाला, नमुने तिन्हीकडं गेले. सिस्टर, फॉर्मलिनचं विचारलं मी. ताप आज कमी आहे. नळी कधी काढतील? आणि लेकरू आत्ताच विचारतंय, हौद्यात कधी उतरू?

निवृत्त सिस्टर, सर्जरी वॉर्ड
फार बरं केलंत. रोज किती पू येतो ते वहीत लिहा. येणं जवळजवळ थांबलं आणि पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत पोकळी रिकामी दिसली की काढतात. ताप उतरला म्हणून अँटिबायोटिक सोडायचं नाही. आधी शिरेतून, मग गोळ्या, असे काही आठवडे जातात. मधेच नळीतून येणं बंद होऊन ताप चढला तर नळी तुंबलेली असू शकते, लगेच सांगा. सीबीनॅट लवकर येतं, पण टीबीच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. सुट्टी झाली तरी तो रिपोर्ट कोण आणि कुठून आणणार ते आत्ताच ठरवा. कुस्तीचं म्हणाल तर सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) खाली आलं, पाय सरळ करताना दुखेना, की फिजिओथेरपी. त्यानंतर डॉक्टर म्हणतील तेव्हा. तोवर बहिणीला जेवायला घाला.