सल्ला हवा: बाळाचा मोतीबिंदू काढलाय, मोठेपणी नजर किती राहील?

गुहागरची_आई:
मुलीच्या डाव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू होता. दोन महिन्यांची असताना ऑपरेशन झालं. आत लेन्स बसवलेली नाही, कॉन्टॅक्ट लेन्स दिलीये. आता सात महिन्यांची आहे. रोज चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची असते आणि ती लावली की नुसता आकांत. सासूबाईंना बघवत नाही, म्हणतात, ऑपरेशन झालं ना, मग कशाला छळता पोरीला? ज्यांची मुलं आता शाळेत जातात त्यांनी सांगा, पुढे या डोळ्याने दिसतं का? पट्टी कशी टिकवलीत?

मालवणचो_बाबा:
ताई, आमचा मुलगा पाचवीत आहे, त्याच्याही एकाच डोळ्यात मोतीबिंदू होता. त्या डोळ्याने फळ्यावरचं मोठं अक्षर वाचतो, पुस्तकातलं बारीक नाही. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून सायकल, क्रिकेट सगळं चालतं.

आमच्याकडेही आजी म्हणायची, "पोराचो बरो डोळो कित्याक झाकतास?" मग तिलाच कामाला लावलं. पट्टी लावली की ती त्याला मांडीवर घेऊन पुढ्यात तिसऱ्यांची धुतलेली शिंपलं पसरायची, आणि तो एकेक उचलून टोपात टाकायचा. खण्ण आवाज आला की हसायचा. रडणं तिथेच थांबलं. तुमची लहान आहे, सगळं तोंडात घालेल, तिला मोठा चमचा-वाटी द्या. आणि लेन्सची जादा जोडी घरात ठेवाच. डोळा चोळला की पडते, वाळूत पडली तर मिळत नाही.

नेत्रतपासनीस_रत्नागिरी:
सासूबाईंना एवढंच सांगा की मोतीबिंदू काढला म्हणजे वाट मोकळी झाली, पाहायला मेंदूला अजून शिकायचंय. चांगला डोळा उघडा असला की मेंदू दुसऱ्याकडे लक्षच देत नाही आणि तो डोळा आळशी होतो.

खरं काय ते सांगते. अमेरिकेत एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ बाळांचा अभ्यास झाला. साडेदहा वर्षांच्या वयात साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांची त्या डोळ्याची नजर ६/१२ (चांगल्या नजरेला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली होती. ४४ टक्क्यांची मात्र ६/६० (साठ मीटरवरून दिसायला हवं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून कमी. आत लेन्स बसवलेली आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाली, दोन्ही गटांत नजरेत फरक नव्हता, पण आत बसवलेल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त लागली. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी आत लेन्स न बसवता थांबायचं ठरवलं ते योग्यच आहे. त्या अभ्यासात आठ महिन्यांपर्यंत वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास पट्टी होती, नंतर जागेपणाचा निम्मा वेळ. तुम्हाला सांगितलेले तास डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका.

गुहागरची_आई:
निम्म्यांचं ऐकून पोटात गोळा आला, पण कळलं ते बरं. मग तपासणी किती वर्षं?

नेत्रतपासनीस_रत्नागिरी:
जन्मभर. लहानपणी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात काचबिंदू कित्येक वर्षांनंतरही होऊ शकतो, म्हणून डोळ्याचा दाब दरवेळी मोजून घ्या. उजेड सहन न होणं, सारखं पाणी येणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. खेळताना चांगला डोळा जपायला न फुटणाऱ्या काचांचा चष्मा लावा. खर्चाची अडचण असेल तर जन्मजात मोतीबिंदू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो, अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला विचारा.

मालवणचो_बाबा:
आम्ही तपासणीला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातो. तुम्हाला रत्नागिरी जवळ पडेल. जाताना ऑपरेशनचे सगळे कागद बरोबर न्या.