गप्पा मारणाऱ्या एआयच्या हाती रोबोटची चाकं द्यावीत का?

शहापूरकर
बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांत सध्या एक नाद दिसतोय. ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला चिमुकला कॉम्प्युटर), मोटारींना करंट पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, दोन गिअर मोटारी, यांची छोटी गाडी आणि तिला हुकूम द्यायला चॅटजीपीटीसारखं मॉडेल. ‘टेबलाखालनं जाऊन ये’ म्हणायचं, गाडीनं जायचं. मोठी माणसं पोरखेळ म्हणतात. असू दे की पोरखेळ! फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणून दाखवण्यापेक्षा यात शिकायला कितीतरी जास्त आहे.

मॉडेलला मोटार दिसत नाही. ते मजकूर वाचतं, मजकूर लिहितं. त्यातनं चाक फिरवायचं तर मधला प्रोग्राम पोरालाच लिहावा लागतो: कुठले हुकूम चालतील, किती सेंटिमीटर, सेन्सरचं उत्तर परत कसं कळवायचं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ड्रोनवर असंच केलं. मॉडेलला ठरावीक फंक्शनं दिली, त्यांतनं त्यानं कोड लिहिला, तो माणसानं तपासायचा आणि मग चालवायचा. पटतंय का बघा.

उद्यमबाग_टर्नर
नाही पटत. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनवर, एक प्रोग्राम सकाळी लावा नाहीतर रात्री, टूल त्याच जागी जातं. म्हणून तर गिऱ्हाईक जॉब देतंय. तुमचं मॉडेल एकच गोष्ट दोनदा विचारली तर दोन उत्तरं देतंय. आणि नेटवरनं उत्तर यायला दोन सेकंद धरा. गाडी सेकंदाला ३० सेंमी जात असली तर ६० सेंमी आंधळी गेली. आमचं इमर्जन्सी बटण कुणाला विचारत बसत नाही, सरळ करंट तोडतंय. खेळण्यातली गाडी आपटली तर हसाल, पण तीच सवय घेऊन पोरगं उद्या शॉपवर, म्हणजे कारखान्यात, येणार.

शहापूरकर
काका, थांबवायचं काम मॉडेलकडं द्यायचंच नाही. आवाजाच्या प्रतिध्वनीवरनं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर थेट बोर्डाला जोडायचा. २० सेंमीच्या आत काही आलं की बोर्डच मोटार बंद करणार, वरनं हुकूम काहीही येऊ दे. यादीत नसलेला हुकूम आला तर फेकून द्यायचा.

उद्यमबाग_टर्नर
मग मॉडेलकडं राहिलं काय? पुढं, मागं, डावं, उजवं. त्याला चार बटणांचा रिमोट पुरतोय की मर्दा.

खानापूरच्या_बाई
काकांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर आहे त्याला. १९७० च्या सुमारास एमआयटीत टेरी विनोग्राड यांनी श्रडलू नावाचा प्रोग्राम केला होता. पडद्यावरचे ठोकळे साध्या इंग्रजीत सांगून हलवायचा, ‘हातात आहे त्याच्यापेक्षा उंच ठोकळा शोध’ एवढंही त्याला कळायचं. ठोकळ्यांच्या बाहेर मात्र काही नाही, कारण नियम सगळे हातानं लिहिलेले. गूगलच्या २०२२ मधल्या सेकॅन या रोबोट-प्रयोगात ‘माझं पेय सांडलं’ एवढंच म्हटलं की रोबोट स्पंज आणायला निघायचा. कुठलं काम उपयोगी हे भाषेचं मॉडेल सांगायचं, इथनं कुठलं जमण्यासारखं आहे हे रोबोटचं शिक्षण सांगायचं, आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून पुढची कृती ठरायची. रिमोटला हे कुठनं जमणार?

तरी माझ्या वर्गात मी मोटारीऐवजी गेममधलं पात्रच देईन. व्होयाजर प्रयोगात २०२३ मध्ये जीपीटी-४ माइनक्राफ्ट खेळलं. जमलेली युक्ती कोड म्हणून जपून ठेवायची, पुढं परत वापरायची. पात्र मेलं तर मोटार जळत नाही, पालकांची तक्रारही येत नाही.

निपाणीचा_गेमर
बाई, फसगत सगळ्यात जास्त गेममध्येच होते. व्होयाजर पडदा बघतच नव्हतं. आजूबाजूला काय आहे ते माइनफ्लेअर नावाचं, माइनक्राफ्टमधलं पात्र कोडनं चालवायचं साधन त्याला मजकुरात आणून द्यायचं. २०२५ च्या मे मध्ये जेमिनीनं, म्हणजे गूगलच्या मॉडेलनं, पोकेमॉन ब्लू हा गेम संपवला. गूगलशी संबंध नसलेल्या एका इंजिनिअरनं हौसेनं चालवलेला प्रयोग, मला लई आवडला. पण मॉडेलला चित्रासोबत गेमच्या मेमरीतली माहितीही मिळत होती. तिकडं क्लॉड हे दुसरं मॉडेल पोकेमॉन रेडमध्ये माउंट मूनच्या गुहेत घुटमळत बसलेलं लोकांनी बघितलंय. दोघांची सामग्री वेगळी, आणि लोक मॉडेलं तोलायलेत! श्रेय जेमिनीचं किती, त्या इंजिनिअरचं किती?

शहापूरकर
अरे, मी पहिल्यापासनं तेच म्हणतोय. मधलं काम करणाऱ्याचं श्रेय. शिकतोय तोच.

वडगावकर
मॉडेल येडं झालं म्हणणाऱ्यांनी आधी बॅटरी बघा. मोटार सुरू होताना व्होल्टेज पडतं, ईएसपी३२ रिसेट होतो. मोटारीला वेगळी बॅटरी द्या, ग्राउंड मात्र एकत्र ठेवा. आणि बोलून हुकूम द्यायच्या भानगडीत पडू नका. बोलणं ऐकून मजकूर करणारं व्हिस्पर पहिल्या ३० सेकंदांवरनं एक भाषा ठरवतं. आमच्या घरात एका वाक्यात मराठी, कन्नड आणि थोडं हिंदी असतंय. टाइप करा, डोकं शांत राहतंय.

उद्यमबाग_टर्नर
शहापूरकर, तुमचा सगळा डोलारा मधल्या प्रोग्रामवर. तोही पोरानं मॉडेलकडनंच लिहून घेतला तर? आता सगळे तेच करायलेत.

शहापूरकर
मग तोंडी परीक्षेत सेन्सरची इको वायर (उत्तराचा सिग्नल आणणारी) काढून विचारायचं, आता गाडी काय करेल? आर्डुइनोचं पल्सइन, म्हणजे सिग्नलची लांबी मोजणारं फंक्शन, ठरल्या वेळेत सिग्नल आला नाही तर शून्य देतं. समोर मोकळं असलं तरी शून्य, वायर तुटली तरी शून्य. बरेच जण ‘शून्य म्हणजे मोकळा रस्ता’ असं लिहून ठेवतात. ज्यानं कोड नुसता उतरवलाय त्याला हे सांगता येणार नाही.

उद्यमबाग_टर्नर
ह्या प्रश्नाला मात्र मार्क द्या. आम्ही लिमिट स्विच (मशीन हद्दीवर पोचलं की दाबला जाणारा) मुद्दाम एनसी जोडतो, म्हणजे एरवी सर्किट चालू, वायर तुटली की मशीन आपोआप थांबलं पाहिजे. तुमची गाडी तशी थांबवून दाखवा, मग शॉपवर आणा. मॉडेलबद्दल माझं मत आहे तेच आहे.