जाहिरातीपेक्षा खोली कोणाची ते बघा

कॉलेजातली पोरं जो अंक काढतात, त्यात जाहिराती घेतल्या की त्याचं स्वातंत्र्य संपलंच, असं इथल्या चर्चेत कोणी म्हटलंय. मला ते अर्धंच पटलं. आमच्या तालुक्याच्या गावी अंक चालायचा तो कृषी केंद्र, झेरॉक्सवाला आणि मेसवाल्या काकूंच्या चौकोनी जाहिरातींवर. मजकुरात कोणी कधी बोट घातलं नाही. कपाशीचं बियाणं उगवलं नाही ही बातमी छापली तेव्हा कृषी केंद्रवाले भाऊ फुगून बसले, पण पैसे दिले. खरी अडचण अंकाच्या कामासाठी कॉलेजने फुकट दिलेल्या खोलीची. वसतिगृहाच्या पाण्यावर काही लिहिलं, की नेमकी त्या आठवड्यात खोलीची किल्ली सापडायची नाही!

म्हणून अंकाचे नियम लिहिताना पहिलं कलम संपादकाचं ठेवलं. नेमणूक प्राचार्य करणार नाहीत. वर्षभरात ज्यांचा मजकूर छापून आला, तेच मतदान करणार. विद्यार्थी संघटनेचा पदाधिकारी संपादक मंडळात नको, यावर फार भांडणं झाली, कारण लिहिणारी अर्धी पोरं तिकडचीच. हिशोब संपादकाकडे नाही, वेगळ्या माणसाकडे, आणि तो शेवटच्या पानावर छापायचा.

इथे कोणी ‘डेली कॅलिफोर्नियन’चा, म्हणजे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा, उल्लेख केला नाही. एका अग्रलेखावरून विद्यापीठाशी बिनसलं आणि १९७१ मध्ये ते स्वतंत्र होऊन कॅम्पसबाहेर गेलं. आम्हीही शेवटी बसस्टँडमागे एका दुकानाच्या माळ्यावर बस्तान हलवलं. भाड्यासाठी आणखी एक जाहिरात घ्यावी लागली, ती घेतली.