थंडीत पहाटे ट्रक सुरू करताना इंजिन मिसिंग करते. तपासणी कोठून सुरू करावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे चार सिलिंडरचा, बीएस-४ कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेल इंजिनाचा छोटा ट्रक आहे. तो लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेतो आणि रात्री निफाडजवळ घराबाहेर उघड्यावर उभा असतो. कडाक्याची थंडी पडल्यापासून पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिन सुरू होते, परंतु पहिली दोन-तीन मिनिटे ते एका ठरावीक लयीत मिस करते (एखादा सिलिंडर पेटत नाही), केबिन हादरते आणि सायलेन्सरमधून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. इंजिन तापले की सारे सुरळीत होते आणि दिवसभरात पुन्हा कितीही वेळा गाडी सुरू केली तरी त्रास होत नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कुलंट कमी होत नाही आणि डिझेल फिल्टर नुकताच बदलला आहे. गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला असून, आमचे चालक डिझेलमध्ये थोडे रॉकेल मिसळण्यास सुचवतात. एवढा खर्च करण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

पहिले उत्तर

इंजेक्टर सोडण्याची घाई कृपया करू नका. हा दोष फक्त थंड इंजिनात दिसतो, त्यामुळे गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेली की तो नाहीसा झालेला असतो आणि मेकॅनिक अंदाजाने बोलतो. मेकॅनिकला पहाटे गाडीपाशी बोलवा, नाहीतर आदल्या संध्याकाळीच गाडी गॅरेजमध्ये उभी करून ठेवा आणि सकाळी त्यांच्यासमोरच पहिला सेल्फ मारा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंडीत ही उष्णता दोन कारणांनी घटते. सिलिंडरच्या थंड भिंती ती शोषून घेतात, आणि बॅटरी मंदावलेली असेल तर सेल्फ सावकाश फिरतो, त्यामुळे दाबली जाणारी हवा रिंगांमधून निसटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज आधी पाहा. १२ व्होल्टच्या गाडीत ते साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी ठीक करून मगच पुढे जावे.

आपण दिलेली दोन लक्षणे महत्त्वाची आहेत. डोळ्यांना झोंबणारा आणि डिझेलचा वास असलेला पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन होय. कुलंट सिलिंडरमध्ये जात असते तर वास गोडसर आला असता आणि पातळी घटली असती. शिवाय मिसिंग ठरावीक लयीत आहे. पाइपमध्ये हवा शिरत असती तर बहुधा इंजिन सुरू होऊन बंद पडले असते किंवा सगळेच सिलिंडर अनियमित चालले असते. आपला दोष एकाच सिलिंडरचा दिसतो, त्यामुळे मला पहिला संशय हीटर प्लगचा, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या प्लगचा, येतो. ज्या गाड्यांत चारही प्लगना एकाच पट्टीवरून वीज जाते, तेथे एखादा प्लग जळाला तरी ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) ते कळतेच असे नाही, म्हणून दिवा न लागणे हा प्लग चांगले असल्याचा पुरावा नाही.

एक सोपी चाचणी करा. पहाटे चावी ऑन करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, चावी बंद करा, असे लागोपाठ दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. मिसिंग स्पष्ट कमी झाले तर दोष उष्णतेशी निगडित आहे. त्यानंतर प्लगवरची पट्टी काढून प्रत्येक प्लगचे टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यातील रोध मल्टिमीटरने मोजा. चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला प्लग सर्किट तुटलेले दाखवतो. चारही प्लग चांगले निघाले तर पट्टीपर्यंत वीज येते का, म्हणजे रिले आणि फ्यूज, पाहावे.

एक इशारा कळकळीने देतो. जुन्या पंपाच्या इंजिनात चालू स्थितीत एकेका नोझलचा नट सैल करून मिस करणारा सिलिंडर शोधण्याची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये असे कधीही करू नये. त्या पाइपांमध्ये हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि तेथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी आत गंभीर इजा झालेली असते. त्याऐवजी सुरू केल्यानंतर पहिल्या मिनिटात इन्फ्रारेड थर्मामीटरने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांचे तापमान पाहा; जे तोंड मागे राहील तो सिलिंडर पेटत नाही.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. रॉकेलबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण हा सल्ला अनेक चालक मनापासून देतात. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर यांना वंगण डिझेलमधूनच मिळते. रॉकेलची वंगणक्षमता कमी असल्याने पंप झिजतो आणि त्याचा बारीक धातुकण चारही इंजेक्टरांत जातो. मग खरोखरच चारही इंजेक्टर बदलावे लागतात.

थंडीत डिझेल गोठते ही समजूत निराधार नाही. त्यातील मेण गारठ्यात वेगळे होऊन फिल्टरमध्ये अडकते. भारतीय मानकात डिझेल बारीक जाळीतून जाणे ज्या तापमानाला थांबते त्याची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश सेल्सिअस ठरवलेली आहे. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. परंतु मेण अडकले की सर्व सिलिंडरांचे इंधन एकदमच कमी होते, गाडीची ओढ जाते आणि ती बंद पडते. एकच सिलिंडर मिस होण्याचे हे कारण नव्हे. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरमधील पाणी मात्र आवर्जून काढावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सूचनांप्रमाणे पहाटे तपासणी केली. सेल्फ मारताना बॅटरी दहा व्होल्टच्या वर राहते. हीटर तीनदा दिल्यावर मिसिंग कमी झाले, पण पूर्ण गेले नाही. मल्टिमीटरवर तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तुटलेला निघाला. इंजिन गरम असताना चारही प्लग हलक्या हाताने काढले. तीन प्लगांची टोके कोरडी आणि तपकिरी-करडी होती, तिसऱ्याचे टोक मात्र काळे आणि ओलसर होते व टोकाशी धातू झिजल्यासारखा दिसत होता. नवे प्लग बसवल्यावर धूर बराच कमी झाला आहे, परंतु पहिली काही सेकंदे किंचित मिसिंग अजून जाणवते.

पहिले उत्तर

टोकाचे वर्णन आपण दिलेत हे फार चांगले झाले, कारण त्यावरून तपासणीची दिशा बदलते. प्लग केवळ वयोमानाने गेला असता तर टोक बाकीच्यांसारखेच दिसले असते. ओले, काळे आणि झिजलेले टोक बहुधा त्या सिलिंडरचा इंजेक्टर नीट फवारा न करता थेंब टाकत असल्याचे सांगते. तसे असेल तर प्लग जळणे हा परिणाम आहे, मूळ कारण नाही, आणि नवा प्लगही लवकर जाईल.

आता चारही इंजेक्टरांच्या रिटर्न पाइपना सारख्या बाटल्या लावून परतणारे डिझेल मोजा. तिसऱ्याचे प्रमाण इतरांपेक्षा उघड जास्त असेल तर इंजेक्टर आतून झिजला आहे. प्रमाण सारखे निघाले तरी नोझलचे थेंब टाकणे या चाचणीत दिसत नाही, त्यासाठी तो एकच इंजेक्टर टेस्ट बेंचवर फवारा पाहण्यासाठी पाठवावा. तो बाहेर काढलेला असतानाच तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि शेजारच्या सिलिंडरशी ताडून पाहा. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर कमी झाल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर तेही याच वेळी उघड होते.

इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घालावा, बसण्याची जागा स्वच्छ करावी आणि नट ठरलेल्या टॉर्कनेच आवळावा. इंजेक्टर बदलावा लागला आणि आपल्या गाडीत कोडची पद्धत असेल, तर नव्या इंजेक्टरवरील कोड स्कॅनरने ईसीयूमध्ये भरून घ्या. हे काम राहून गेले तर इंजेक्टर चांगला असूनही त्या सिलिंडरचे इंधन कमी-जास्त पडते.