मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज लायसन्स मागतंय, कीचा कागद वादळात गेला

नमस्कार मंडळी,

हर्णै बंदरातल्या एका मच्छिमार सोसायटीची लिखापढी मी बघते. ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे. सभासदांच्या बोटींचे डिझेल कोट्याचे कागद, परताव्याचे तक्ते, शेअर्सची नोंद, कर्जाचे हप्ते, सगळं त्याच्यावरच. ऑफिस बंदराच्या रस्त्याला लागून आहे, खारा वारा थेट आत येतो. मे महिन्यात कॉम्प्युटर सुरूच होईना म्हणून उघडला, तर मदरबोर्डवर हिरवट गंज चढलेला. बोर्ड बदलावा लागला. हार्ड डिस्क तीच आहे, त्यामुळे फायली सगळ्या जाग्यावर आहेत. पण आता स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं कायम दिसतंय, आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर ०एक्ससी००४एफ२११ असा एरर येतोय.

थोडी मागची हकीकत सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं सांगता येईल. हा कॉम्प्युटर २०१२ मध्ये असेंबल करून घेतला होता, इंटेल आय३, तिसऱ्या पिढीचा. त्यासोबत विंडोज ७ प्रोफेशनल खोक्यातली, रीतसर बिल करून घेतली होती. २०१६ मध्ये फुकट अपग्रेडची मुदत होती तेव्हा त्याच्यावर विंडोज १० प्रो चढवली. खोकं, त्यातलं कीचं (विंडोज खरी असल्याचा पंचवीस अक्षरांचा कोड) स्टिकर आणि बिल ऑफिसच्या कपाटात होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात ऑफिसचे पत्रे उडाले आणि दिवसभर पाऊस आत पडत राहिला. रजिस्टरं आम्ही पान न् पान सुटं करून पंख्याखाली वाळवली, ती वाचली. बिलाचा लगदा झाला. खोकं आहे, पण स्टिकरवरची शाई उतरली आहे. पंचवीस अक्षरांपैकी जेमतेम पहिला गट वाचता येतो.

दुरुस्तीवाला म्हणाला, पाचशे रुपयांत ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना विंडोजला फसवून ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्रॅम) मारून देतो, सगळे तेच करतात. मी नाही म्हटलं. विंडोजचे पैसे सभासदांनी एकदा भरलेले आहेत. त्यांच्या हक्काची वस्तू असताना चोरीची का वापरायची? शिवाय तो ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. ह्या कॉम्प्युटरवर प्रत्येक तांडेलाचा (बोटीच्या प्रमुखाचा) आधार नंबर आणि बँकेचा खातेक्रमांक आहे. आमच्यातले बरेचसे म्हातारे सभासद स्वतः काही वाचू शकत नाहीत, कागद माझ्या हातात देतात आणि निर्धास्त जातात. ते कागद मी असल्या कुठल्या प्रोग्रॅमच्या भरवशावर ठेवणार नाही.

की शोधून देणारा एक छोटा प्रोग्रॅम चालवला. त्याने पंचवीस अक्षरांची की दाखवली, शेवटचे पाच ‘३ व्ही ६६ टी’. स्टिकरवरच्या वाचता येणाऱ्या गटाशी ती जुळत नाही, आणि भरली तरी विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही. मग ही की कोणाची?

आता विचारायचं ते असं. मूळ की कुठून परत मिळू शकते का? विंडोज ७ च्या काळातली जुनी हार्ड डिस्क कपाटात आहे (२०१६ मध्ये क्लोन करून नवीन घातली होती), तिचा उपयोग होईल का? ऑनलाइन तीनचारशे रुपयांत की मिळते ती खरी असते का? आणि लायसन्स नसताना एक दिवस कॉम्प्युटर उघडायचाच बंद झाला तर?

सध्या मासेमारी बंद आहे, होड्या शाकारून ठेवल्यात, म्हणून हे बघायला वेळ आहे. ३१ जुलैपर्यंत ऑडिट व्हायचंय आणि १ ऑगस्टला दर्या खुला झाला की श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हणजे घोर कमी होईल. ॲक्टिव्हेट नसलेली विंडोज १० बंद पडत नाही. कोपऱ्यातली ती ओळ राहते, वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, पण फायली, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर सगळं चालतं. ऑडिट अडणार नाही. तरीही पहिलं काम म्हणून सगळ्या डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

आता त्या ‘३ व्ही ६६ टी’बद्दल. ती तुमची नाही, तशी ती कोणाचीच नाही. विंडोज ७ वरून फुकट अपग्रेड केलेल्या प्रत्येक मशीनवर विंडोज १० प्रो हीच एक सामायिक की घालते. लाखो कॉम्प्युटरांवर हीच दिसेल. होम ही विंडोजची घरगुती आवृत्ती, तिची वेगळी आहे, तीही सगळीकडे एकच. अपग्रेडच्या वेळी तुमची विंडोज ७ ची की तपासली गेली आणि तिच्या बदल्यात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या कॉम्प्युटरच्या नावे नोंद झाली. तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. ती नोंद कॉम्प्युटरच्या हार्डवेअरवरून बनवलेल्या ओळखीला बांधलेली असते, आणि त्या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला असतं. रॅम वाढवा, डिस्क बदला, सहसा चालून जातं. बोर्ड बदलला की सर्व्हरला वाटतं, हा कॉम्प्युटरच दुसरा. तुमचा एरर नेमकं तेच सांगतोय: हार्डवेअर बदललं आहे.

म्हणजे तुमचा शोध कीचा आहे, पण लायसन्स आता कीमध्ये राहिलेलंच नाही.

जुन्या डिस्कवरून की निघेल. ती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडा. प्रोड्यूकी नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यात बाहेरच्या विंडोज फोल्डरमधून की वाचण्याची सोय आहे. जुन्या डिस्कवरचा विंडोज फोल्डर दाखवलात की तो तिथल्या रजिस्ट्रीतून (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथून) विंडोज ७ ची की काढतो. स्टिकरवरचा पहिला गट जुळला की समजा हीच ती. (ब्रँडेड कॉम्प्युटर असता तर हे जमलं नसतं. विंडोज ७ च्या काळात मोठ्या कंपन्या कारखान्यातच सगळ्या मशीनवर एकच की घालत, आणि स्टिकरवर वेगळी असे. तुमची खोक्यातली आहे, त्यामुळे रजिस्ट्रीत खरीच असेल.)

पण तेवढ्याने विंडोज १० ॲक्टिव्हेट होईल असं धरून चालू नका. फुकट अपग्रेड कागदोपत्री २९ जुलै २०१६ लाच संपलं होतं, तरी पुढे कित्येक वर्षं विंडोज ७ ची की विंडोज १० ला चालत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद करत असल्याचं जाहीर केलं. की काढून ठेवा, तो तुमच्या खरेदीचा पुरावा आहे. पण खरी वाट दुसरी आहे.

ऑगस्ट २०१६ च्या अपडेटपासून डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतं. बोर्ड जाण्याच्या आधी कोणी त्या कॉम्प्युटरवर सोसायटीच्या किंवा स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं होतं का? आउटलुकचा किंवा हॉटमेलचा ई-मेल पत्ता असेल तर तेच ते अकाउंट. आठवून सांगा, सगळं त्यावर आहे.

स्वस्तातल्या ऑनलाइन कीबद्दल: घेऊ नका. त्यातल्या पुष्कळशा एखाद्या मोठ्या संस्थेला एकगठ्ठा दिलेल्या कींमधून फुटून आलेल्या असतात. आज चालते, पुढे ब्लॉक होते, आणि ऑडिटरला दाखवायला हातात काही राहत नाही. ॲक्टिव्हेटरला नाही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर केलंत.

प्रतिसाद, चिपळूणहून

ह्याच धाग्यात विचारतो, राग मानू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात पाणी शिरलं. लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून वाचला, पण त्याचं खोकं, कागद सगळं वाहून गेलं. विंडोज १० त्याच्यासोबतच आलेली होती. आता डिस्क बदलायची आहे. की नाही, मग विंडोज परत कशी टाकायची?

प्रतिसाद, पुण्याहून

दादा, तुमचं सोपं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपन्या लॅपटॉपची की कागदावर देत नाहीत, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून ठेवतात. नवीन डिस्कवर विंडोज टाकताना ती आपोआप वाचली जाते. तरीही इन्स्टॉलरने की मागितलीच, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा. फक्त आधी होम होती तर होमच टाका, प्रो टाकलीत तर जुळणार नाही. इंटरनेट लागलं की स्वतःहून ॲक्टिव्हेट होईल. बोर्ड मात्र तोच हवा, कारण लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स त्या लॅपटॉपपुरतंच असतं. ताईंच्यासारखं खोक्यातलं रिटेल लायसन्स असेल तर ते एका कॉम्प्युटरवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं.

धागाकर्ती

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. डेटाची प्रत घेतली. जुनी डिस्क जोडली आणि की निघाली! पहिला गट स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळतो. प्रिंट काढून प्लॅस्टिकमध्ये बंद केली, आणि एक फोटो सेक्रेटरीकाकांच्या फोनवर ठेवला.

अकाउंटचं विचारलंत म्हणून माझ्याआधी इथे काम करणाऱ्या ताईंना फोन केला. त्या लग्न होऊन मुंबईला गेल्या आहेत. त्यांना आठवतंय की सोसायटीचा आउटलुकचा मेल होता आणि कॉम्प्युटर सुरू करताना त्याचाच पासवर्ड टाकावा लागे. पासवर्ड आठवत नाही, पण रिकव्हरीला काकांचा मोबाइल नंबर दिलेला होता, आणि काकांनी नंबर बदललेला नाही. सध्या मी साध्या लोकल युजरने लॉगिन करते. पुढे काय करू?

प्रतिसाद, पुण्याहून

मग तुमचं काम होईल असं मला वाटतं. काकांना शेजारी बसवा आणि ओटीपी घेऊन पासवर्ड नवीन करा. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर त्या अकाउंटमध्ये ‘डिव्हाइसेस’ची यादी असते, तिथे जुना कॉम्प्युटर दिसतो का ते बघा. दिसला तर पुढे जा.

ॲडमिनिस्ट्रेटर असलेल्या युजरने लॉगिन करून सेटिंग्ज उघडा. अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात ॲक्टिव्हेशन, आणि तिथे ‘ट्रबलशूट’चं बटण. ते थोडा वेळ तपासणी करेल आणि जमलं नाही म्हणेल. तिथे थांबू नका. त्याच खिडकीत खाली ‘मी नुकतंच ह्या डिव्हाइसचं हार्डवेअर बदललं आहे’ अशा अर्थाची ओळ येते, तिच्यावर क्लिक करा. अकाउंटचा मेल आणि पासवर्ड टाकलात की डिव्हाइसची यादी येईल. त्यातला जुना कॉम्प्युटर निवडा, ‘सध्या हेच डिव्हाइस वापरत आहे’ ह्या चौकोनात टिक करा आणि ॲक्टिव्हेट दाबा.

नाहीच झालं तर मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राशी बोला. त्या वेळी काढलेली की आणि खोक्याचे फोटो हाताशी ठेवा.

प्रतिसाद, मालवणहून

लायसन्सचं वर सांगितलंच आहे, मी बोर्डाबद्दल लिहितो. माझं दुरुस्तीचं दुकान किनाऱ्याजवळच आहे आणि पावसाळा संपता संपता असे गंजलेले बोर्ड येतच राहतात. लोक कॉम्प्युटर जपायचा म्हणून पावसात बंद करून प्लॅस्टिकच्या खोळीत गुंडाळून ठेवतात. आतली दमट हवा आतच कोंडते आणि त्यातला खार बोर्ड खातो. त्यापेक्षा रोज तास-दोन तास चालू ठेवा, मशीनच्या स्वतःच्या उष्णतेने ओल उडून जाते. खिडकीसमोरून हलवा, जमिनीवर ठेवू नका, आणि पावसाच्या आधी व नंतर धूळ साफ करून घ्या. खारी धूळ ओल धरून ठेवते. नवीन बोर्डही ह्याच हवेत राहणार आहे ताई, म्हणून सांगितलं.

धागाकर्ती

झालं! काकांच्या फोनवर ओटीपी आला, अकाउंट उघडलं, आणि यादीत आमचा जुना कॉम्प्युटर होता. ट्रबलशूटने आधी नाहीच म्हटलं, तुम्ही लिहिलं होतं म्हणून घाबरले नाही. हार्डवेअर बदलल्याची ओळ निवडली, टिक केलं, आणि पानावर विंडोज ॲक्टिव्हेट झाल्याचं आलं. खालीच लिहिलं आहे की लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे. सेक्रेटरीकाकांनी दोनदा वाचायला लावलं.

मेल आणि पासवर्ड आता सोसायटीच्या तिजोरीतल्या पाकिटात आहे, आणि रिकव्हरीला काकांसोबत चेअरमनांचाही नंबर घातला. मालवणच्या दादांचं ऐकून कॉम्प्युटर खिडकीसमोरून आतल्या भिंतीला नेला.

एकच विषय उरला आहे. विंडोज १० ची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, असं वाचलं. आमच्या तिसऱ्या पिढीच्या आय३ वर विंडोज ११ रीतसर चढत नाही हेही कळलं.

प्रतिसाद, पुण्याहून

अभिनंदन ताई. हो, विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ह्या मशीनवर नाही. ऑडिट ह्याच्यावर उरका. पण आधार आणि बँकेचा डेटा असलेला कॉम्प्युटर अपडेटशिवाय फार काळ इंटरनेटला जोडून ठेवू नका. तोवर मेल आणि वेबसाइटची कामं दुसऱ्या मशीनवर करता आली तर बरं. सप्टेंबरअखेरपर्यंत तुमची वार्षिक सभा होईलच, त्यात नवीन मशीनचा ठराव मांडा. घेताना विंडोज ११ सोबत आलेली आहे का, हे बिलावर लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी सोसायटीच्या त्याच अकाउंटने लॉगिन करा.

धागाकर्ती

ठरावाचा मसुदा लिहायला घेते. दुकानदाराकडून कोटेशन आलं की इथेच टाकेन, त्यात काही खटकलं तर सांगा.