‘दोनतृतीयांश बहुमत’ म्हणजे नेमके कोणाचे दोनतृतीयांश?

निवांत वाचक (प्रश्न)

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या घटनेत असे कलम आहे की, घटनेतील दुरुस्ती ‘सर्वसाधारण सभेत दोनतृतीयांश बहुमताने’ करता येईल. हे दोनतृतीयांश एकूण सभासदांचे, सभेला हजर असलेल्यांचे की प्रत्यक्ष मत देणाऱ्यांचे, याचा खुलासा घटनेत कोठेही नाही. गेल्या महिन्यातील सभेला ६१ सभासद उपस्थित होते. मताधिकाराविषयीच्या एका दुरुस्तीच्या बाजूने ३८ आणि विरोधात १७ हात वर झाले, तर ६ जण तटस्थ राहिले. उपस्थितांचे दोनतृतीयांश धरले तर ४१ मते हवी होती. मत देणाऱ्या ५५ जणांचे धरले तर ३७ पुरेशी होती. अध्यक्षांनी दुरुस्ती मंजूर झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु ज्या दुरुस्तीने काही जुन्या सभासदांचा मताधिकार जाणार आहे, ती अशा संदिग्ध आधारावर उभी असू नये असे मला मनापासून वाटते. ज्या बाबतीत तरतूद नाही तेथे संसदीय प्रथांचा आधार घ्यावा, असे आमच्या घटनेच्या शेवटी लिहिलेले आहे. म्हणून विचारतो, व्याख्या न दिलेल्या शब्दांचा अर्थ संसदेत कसा लावला जातो?

जुना कार्यवाह

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे निम्मे उत्तर भारतीय राज्यघटनेच्या मसुद्यातच सापडते. तेथे बहुमताचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ‘कोणाचे’ हे सांगूनच केलेला आहे. सर्वसाधारण प्रश्नांसाठी अनुच्छेद १०० मध्ये उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांचे बहुमत सांगितले आहे. राष्ट्रपतींवरील महाभियोगासाठी अनुच्छेद ६१ मध्ये सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश मते लागतात. विधानसभेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्यासाठी अनुच्छेद १७९ मध्ये त्या वेळच्या सर्व सदस्यांचे बहुमत लागते, म्हणजे रिक्त जागा वगळून मोजणी होते. उलट, ‘एकूण सदस्यसंख्या’ म्हणताना रिक्त जागा आणि गैरहजर सदस्य धरूनच संख्या मोजावी, असे स्पष्टीकरण लोकसभेच्या नियमांत घटनादुरुस्ती विधेयकांच्या संदर्भात दिलेले आहे. एकाच दस्तऐवजात तीन वेगळे शब्दप्रयोग असले, तर ते तीन वेगळ्या अर्थांनी वापरले आहेत असे मानूनच वाचन करावे लागते.

तटस्थ राहिलेल्यांचे काय होते, हे दोन प्रसंगांवरून चांगले समजते. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा बाजूने १४९ व विरोधात ७५ मते पडली. मतदान करणारे २२४ होते, त्यांचे दोनतृतीयांश १४९.३३ होतात, आणि एका मताच्या तृतीयांशाने विधेयक पडले. त्या हिशेबात मत न देणाऱ्यांना स्थानच नव्हते. दुसरा प्रसंग मे १९९३ मधील आहे. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांना दूर करण्याच्या प्रस्तावावर लोकसभेत बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही मत पडले नाही आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. मतदान करणाऱ्यांपैकी सर्वच बाजूने होते, तरीही प्रस्ताव फेटाळला गेला, कारण अनुच्छेद १२४ नुसार एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही आवश्यक होते. तटस्थ राहणे म्हणजे विरोध नव्हे. परंतु मोजणीचा आधार बदलला की त्याचा परिणाम विरोधासारखाच होतो.

आपल्या घटनेत ‘उपस्थितांच्या’ असा शब्द नसल्यामुळे संसदीय प्रथेनुसार ५५ हाच आधार धरावा आणि अध्यक्षांचा निर्णय योग्य मानावा, असे माझे मत आहे.

मुद्देसूद

वरील विवेचन मला पटते, परंतु निष्कर्षाकडे येण्याआधी एक पायरी राहिली आहे. लोकसभेच्या नियमांत नसलेली व्याख्या प्रथम राज्यघटनेतील अर्थावरून घेतली जाते, कारण दोन्हीकडे आलेल्या शब्दांना घटनेतील अर्थच द्यावा, असे व्याख्यांच्या नियमातच म्हटले आहे. त्यानंतर पूर्वीच्या अध्यक्षांचे निर्णय पाहिले जातात. नियम ३८९ नुसार तरतूद नसलेल्या बाबी अध्यक्षांच्या निर्देशाने चालतात, आणि नियम ३७६ खाली हरकतीचा मुद्दा उपस्थित करून सदस्य नियमाच्या अर्थाबद्दल निर्णय मागू शकतो. म्हणून आपल्या वाचनालयाची जुनी इतिवृत्ते अवश्य पाहावीत. पूर्वी घटनादुरुस्ती झाली असेल, तर तेव्हा तटस्थ मते कशी मोजली हे या वादात सर्वांत वजनदार ठरेल. संसदेची प्रथा हा दुसरा आधार आहे. संस्थेची स्वतःची प्रथा हा पहिला. मोजणी झाल्यानंतर, निकाल समोर दिसत असताना अर्थ ठरवणे मात्र मला कोणत्याही सभागृहात गैर वाटते.

अटलांटिकपार

इकडे अमेरिकेतील बहुतेक संस्था, आमचे महाराष्ट्र मंडळही त्यात आले, हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सभानियमांवर चालतात. त्यात नुसते ‘दोनतृतीयांश मत’ असे लिहिले असेल तर ते दिल्या गेलेल्या मतांचे दोनतृतीयांश धरतात, कोरी आणि तटस्थ मते वगळून. ‘उपस्थितांचे’ असा शब्द असेल तरच तटस्थ सदस्य गणले जातात. म्हणजे आपल्याकडील प्रथेशी हे जुळते. फरक अध्यक्षांच्या अधिकारात आहे. लोकसभेत अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो; येथे अध्यक्षांच्या निर्णयावर सभेकडेच अपील करता येते. नियम खरोखर संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ सभाच साध्या बहुमताने ठरवते, परंतु अर्थ स्पष्ट असेल तर तो केवळ बहुमताने बदलता येत नाही, त्यासाठी रीतसर दुरुस्तीच करावी लागते. छोट्या संस्थेसाठी ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण तेथे अध्यक्ष अनेकदा स्वतःच वादातील एक पक्ष असतात.

निवांत वाचक

सर्वांचा आभारी आहे. कपाटातील जुनी इतिवृत्ते काढून पाहिली. १९९८ च्या सभेत एका दुरुस्तीवर चार जण तटस्थ होते आणि त्यांना वगळूनच दोनतृतीयांश काढल्याची स्पष्ट नोंद सापडली. त्यामुळे अध्यक्षांचा निर्णय प्रथेला धरून होता, हे मी पुढील सभेत स्वतःहून सांगणार आहे. मात्र या कलमात ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या’ हे शब्द घालावेत, असा ठरावही मी मांडणार आहे.

मुद्देसूद

ठराव जरूर मांडावा. फक्त तो ज्या कलमाखाली मंजूर होणार, त्याच कलमाचा अर्थ वादात आहे, हे लक्षात ठेवून आधी सभासदांना भेटावे आणि उपस्थितांच्या दोनतृतीयांशापेक्षा अधिक मते मिळतील अशी तयारी ठेवावी. मतांची, तटस्थांची आणि उपस्थितांची संख्या इतिवृत्तात स्वतंत्रपणे नोंदवून घ्यावी.